एकाच जॅकमधले चार आवाज

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतले एक बुवा गेल्या जुलैत, ऐन पावसात, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन माझ्या राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात आले. वय सत्तरीच्या आसपास, घरी गाण्याच्या शिकवण्या. त्यांच्या गुरूंच्या घरगुती बैठकींच्या साठ-पासष्ट कॅसेट त्यांच्याकडे आहेत. त्या खराब व्हायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या, एवढ्यासाठी त्यांनी हा लॅपटॉप घेतला होता. तक्रार एका वाक्याची होती : हेडफोन लावला की खरखर येते.

"दोन ठिकाणी दाखवला," बुवा म्हणाले. "एकानं मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं, अकरा हजार. दुसरा म्हणाला, सगळ्यांचाच येतो बुवा, सवय करा."

या दोन उत्तरांसाठीच मी हे प्रकरण सविस्तर लिहितोय. पहिल्या उत्तरानं गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आवाज बहुधा जात नाही, कारण नवा बोर्डही त्याच आराखड्याचा असतो. दुसऱ्या उत्तरानं माणूस गप्प बसतो. दोन्ही उत्तरं देताना खरखर नेमकी कशी आहे हे कुणी नीट ऐकलेलं नसतं. खरखर म्हणजे तापासारखं आहे. ताप आलाय एवढं कळतं, कशानं आलाय ते त्यातून कळत नाही. बुवांच्या लॅपटॉपात चार वेगवेगळे आवाज निघाले. चारांची कारणं वेगळी आणि चारांवरचे उपायही वेगळे. एकातही मदरबोर्ड बदलावा लागला नाही.

दुकानात मी फक्त जॅक तपासला. पिन फिरवली की कटकट होत असेल तर तो संपर्काचा दोष. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणानं आणि खिशातल्या कापसानं तो पुष्कळदा होतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ केला की जातो. इथं तसं काही नव्हतं. पुढचं दुकानात ऐकणं शक्य नव्हतं, दारात दिवसभर गाड्यांची वर्दळ. दुसऱ्या दिवशी मी बुवांच्या घरी गेलो.

जुनं घर, वरच्या मजल्यावर शिकवणीची खोली. भिंतीला टेकवलेले दोन तंबोरे, पेटी, वर फिरणारा पंखा. लॅपटॉप चार्जरला लावलेला होता. मी बुवांचेच इअरफोन कानात घातले. काहीही वाजत नसताना एक सलग शूऽऽ ऐकू येत होतं. माउसचं चाक फिरवून पान वर-खाली केलं की त्या शूऽऽच्या वर बारीक किर्रर उमटायची, चाक थांबलं की थांबायची. म्हणजे दोन आवाज तिथंच वेगळे झाले.

मग वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि शूऽऽ अचानक निम्म्याच्या खाली आलं. मी लगेच म्हणालो, बुवा, तुमचा चार्जर. स्वस्तातल्या चार्जरचा गोंगाट ऑडिओत येणं ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे मला शंकाही आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीचा अस्सल चार्जर घेऊन गेलो. शूऽऽ जसंच्या तसं. तिसरा चार्जर लावला, तरी तेच. मी दोन खेपा वाया घालवल्या, कारण वीज गेली तेव्हा दोन गोष्टी एकदम बंद झाल्या होत्या आणि मी एकच धरली होती.

दुसरी गोष्ट कळली ती चहामुळे. इअरफोन माझ्या कानात होते, आणि बुवांनी खाली हाक मारली, "सूनबाई, दोन चहा पाठवा." ती हाक मला बाहेरून ऐकू आली आणि तीच हाक क्षणभरानं, पडसादासारखी, दोन्ही कानांच्या आतूनही आली. लॅपटॉपचा माइक चालू होता आणि खोलीतला आवाज हेडफोनमध्ये ओतत होता. मी उठून पंखा बंद केला. शूऽऽ निम्म्यावर आलं. परवा वीज गेल्यावर चार्जर बंद झाला होता तसाच पंखाही बंद झाला होता.

कारण सेटिंगमध्ये होतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगचा भाग असतो. तिथं माइकच्या प्रॉपर्टीज उघडल्या की 'लिसन' नावाचा टॅब दिसतो. त्यात 'लिसन टू धिस डिव्हाइस' ला टिक केली तर माइकवर येईल ते सगळं थेट हेडफोनमध्ये जातं. कॅसेट उतरवताना कानावर पडावी म्हणून बुवांच्या एका विद्यार्थ्यानं ती टिक केली होती, नंतर काढायची राहून गेली. शेजारच्या 'लेव्हल्स'च्या टॅबवर माइक बूस्ट +३० डेसिबलवर होता, म्हणजे माइकचा सिग्नल सुमारे ३० पट मोठा करून. एवढ्या बूस्टवर पंखाच काय, रस्त्यावरची रिक्षाही शूऽऽ होऊन येते. टिक काढली, बूस्ट शून्यावर आणला. चौघांतला एक गेला, एक रुपया न लागता.

ज्याला हा आवाज येतो त्यानं सगळ्यात आधी हे पाहावं असं मी कळकळीनं सांगतो. खूण सोपी आहे. लॅपटॉपच्या अंगावर, माइकच्या बारीक भोकाजवळ, बोटानं हलकं घासा. ती खसखस हेडफोनमध्ये आली तर दोष जॅकचा नाही.

टिक काढल्यावर उरलेलं शूऽऽ ओळखायलाही सोपं झालं. आता काही वाजत नसलं की सात-आठ सेकंदांनी कानात टक् व्हायचं आणि पूर्ण शांतता पसरायची. गाणं लावलं की पुन्हा टक् आणि पुन्हा शूऽऽ. वीज वाचवायला लॅपटॉप ऑडिओची चिप झोपवतो, तिचा हा आवाज. चिप झोपली की शूऽऽ थांबतं, म्हणजे ते चिपच्या आतल्या ॲम्प्लिफायरचं. आणखी एक पडताळणी केली. व्हॉल्यूम शून्यापासून शंभरपर्यंत नेला तरी शूऽऽ तेवढंच राहिलं. व्हॉल्यूमबरोबर आवाज वाढला तर तो गाण्यातून किंवा माइकमधून येतो. वाढला नाही तर तो व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे, शेवटच्या टप्प्यात जन्मतो.

हे शूऽऽ समूळ नाहीसं होत नाही. कुठल्याही रेझिस्टरमध्ये उष्णतेनं इलेक्ट्रॉन हलत राहतात आणि त्यातून बारीकसा गोंगाट तयार होतो. १९२८ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या जॉन्सन यांनी तो मोजून मांडला आणि नायक्विस्ट यांनी त्याचं गणित दिलं. ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरचा स्वतःचा गोंगाट त्यात भर घालतो. चांगल्या आराखड्यात हे सगळं कानाच्या पातळीखाली राहतं. लॅपटॉपमधला हेडफोनचा ॲम्प्लिफायर मात्र अनेक कामं करणाऱ्या एका छोट्या चिपचा कोपरा असतो. त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा करू नयेत.

पण बुवांना ते इतकं ठळक का ऐकू येत होतं? त्यांचे इअरफोन मोबाइलबरोबर आलेले, कानात आत बसणारे, १६ ओहमचे, म्हणजे विजेला फारसा अडथळा न करणारे. असे इअरफोन फार संवेदनशील असतात, कारण मोबाइलच्या इवल्याशा बॅटरीवर त्यांना मोठा आवाज काढायचा असतो. बुवा लॅपटॉपचा व्हॉल्यूम शंभरपैकी सातवर ठेवून ऐकत होते, त्यापुढे कान दुखायचे. म्हणजे गाणं त्यांनी खाली आणलं होतं, शूऽऽ मात्र आपल्या जागीच होतं, त्यामुळे दोघांतलं अंतर संपत आलं होतं. मी माझा २५० ओहमचा हेडफोन लावला. व्हॉल्यूम साठच्या पुढे न्यावा लागला आणि शूऽऽ ऐकूच आलं नाही. लॅपटॉप तोच, जॅक तोच.

बुवांनी तो हेडफोन काढून हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे खोड कानातल्याची होती."

खोड जोडीची होती. हळव्या इअरफोनला गोंगाट करणारा जॅक गाठ पडला की असं होतं. बाजारात इअरफोनच्या मध्ये लावायची रेझिस्टरची छोटी पिन मिळते. तिनं गाणं आणि शूऽऽ दोन्ही सारखेच खाली येतात आणि मग व्हॉल्यूम वर नेऊन गाणं परत मिळवता येतं. पण काही इअरफोनांचा स्वर तिनं बदलतो. गाणाऱ्या माणसाला मी ती देत नाही.

तिसरा आवाज ती किर्रर. तिच्यावर सेटिंगचा उपाय नव्हता. माउस फिरला, पान सरकलं, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स क्षणात जागे होतात आणि बोर्डावरचा वीजप्रवाह उसळतो. त्या प्रवाहाची परतीची वाट आणि ऑडिओची परतीची वाट बोर्डावर कुठं तरी एक असली, की तो चढउतार कानात येतो. बॅटरीवरही किर्रर होतीच, थोडी बारीक. हा आराखड्यातला दोष आहे आणि मदरबोर्ड बदलायला सांगणाऱ्याला नेमकं हेच सांगावंसं वाटतं : बदललेला बोर्ड हीच वाट घेऊन येणार. उपाय एकच, ऑडिओचं काम त्या बोर्डावरून बाहेर काढायचं. साधं ऐकायचं असेल तर यूएसबीचा छोटा डोंगल पुरतो. त्यात आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारी चिप आणि ॲम्प्लिफायर दोन्ही स्वतंत्र असतात.

बुवांना मात्र कॅसेट उतरवायच्या होत्या, आणि तिथं एक वेगळीच अडचण निघाली. ते कॅसेट डेकची वायर लॅपटॉपच्या त्याच एका जॅकमध्ये घालत होते. आजकालच्या लॅपटॉपला ३.५ मिलिमीटरचा एकच जॅक असतो, चार पट्ट्यांच्या पिनसाठी. त्यातल्या तीन पट्ट्या डाव्या कानाची, उजव्या कानाची आणि ग्राउंड, चौथी माइकची. म्हणजे आत जायला एकच वाट, तीही मोनो, आणि ती माइकच्या कुजबुजीएवढ्या सिग्नलसाठी. डेकच्या लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर काढायच्या जोडातून, येणारा सिग्नल त्या मानानं कितीतरी मोठा. तो तिथं घातला की तान फाटते आणि मधल्या शांततेत गोंगाट भरतो. बुवांनी तोवर उतरवलेल्या नऊ कॅसेट मी ऐकल्या. नऊही पुन्हा कराव्या लागणार होत्या. हे सांगताना मला फार जड गेलं, कारण त्यांनी एकेका कॅसेटला दोन-दोन दिवस दिले होते. ते एवढंच म्हणाले, "परत ऐकायला मिळतील."

लाइन इनपुट आणि हेडफोनची वेगळी सोय असलेला लहान यूएसबी इंटरफेस, म्हणजे ऑडिओचं काम बोर्डाबाहेर करणारी डबी, बसवला. किर्रर गेली. माझा जुना ओव्हर-इअर हेडफोन त्यांच्याकडे ठेवून आलो. काम संपलं असं मला वाटलं.

चार दिवसांनी बुवांचा फोन आला. "एक नवा आवाज आलाय. पांढरी पाच आहे. किंचित चढी."

मी विचारलं, म्हणजे?

"पेटीवर लावून बघितला. खर्जातली पांढरी पाच, पाचवी पांढरी पट्टी, पण तंतोतंत नाही, कणभर वर."

मी फोनवर असतानाच हिशोब केला. पेटी ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या मापाला लावलेली असेल तर खालच्या सप्तकातली पांढरी पाच १९६ हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची. तिच्या पटी १००, १५०, २००. बुवा ऐकत होते तो २०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्या पाचपेक्षा चार आवर्तनांनी वर. म्हणजे विजेची घरघर. मीटर न लावता, फक्त पेटी आणि कान वापरून, बुवांनी निम्मं निदान मला फोनवर दिलं होतं. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. घरघर पांढऱ्या पाचच्या जरा वर लागत असेल तर लॅपटॉप उघडू नका, घरातली वायरिंग बघा.

गेल्यावर मांडणी पाहिली. बुवांनी दरम्यान डेक खालच्या सोप्यातल्या ॲम्प्लिफायरला जोडला होता आणि ॲम्प्लिफायरच्या रेकॉर्ड आउटमधून वायर इंटरफेसला आणली होती. लॅपटॉपही खालीच होता, पण सोप्यात मोकळं सॉकेट नव्हतं म्हणून एक्स्टेन्शन आतल्या खोलीच्या बोर्डातून आणलेलं. मी लॅपटॉपचा चार्जर उपटला. घरघर त्याच क्षणी बंद. लावला, सुरू. या वेळी मी तेवढ्यावर थांबलो नाही. पंखा, ट्यूबलाइट, इन्व्हर्टर एकेक करून बंद-चालू केले. फरक फक्त चार्जरनं पडत होता.

इंटरफेसची ऑडिओ वायर काढून लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर हात उलटा करून हळूच फिरवला तर झिणझिण लागत होती. सूनबाई म्हणाल्या, "ती तर पहिल्यापासून आहे. आम्हाला वाटलं असतीच." टेस्टर लावला, मंद पेटला. झाकण आणि ॲम्प्लिफायरची बॉडी यांच्यात मल्टीमीटर धरला तर ९०च्या वर व्होल्ट.

असं का होतं ते सांगतो. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट दाबण्यासाठी विजेच्या तारा आणि बाहेरची बाजू यांच्यात बारीक कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा प्रवाह गळतो. तिसऱ्या पिनला अर्थिंग असलं तर तो तिथून निमूट जमिनीत जातो. अर्थिंग नसलं तर लॅपटॉपचं अंग २३० व्होल्टच्या अधेमध्ये तरंगत राहतं. प्रवाह मिलिॲम्पियरच्या अंशाएवढा, त्यामुळे झिणझिणीपलीकडे तो सहसा काही करत नाही. पण त्याला जमिनीकडे जायचंच असतं. बुवांच्या घरी त्याला एकच वाट मोकळी होती : इंटरफेसच्या ऑडिओ वायरची जाळी, तिथून ॲम्प्लिफायर, तिथून ॲम्प्लिफायरची तिसरी पिन. ज्या जाळीतून गाण्याचा सिग्नल परतत होता तिच्यातूनच ही गळती चालली होती, म्हणून ती रेकॉर्ड होत होती.

सोप्यातल्या बोर्डाला अर्थिंग होतं, इन्व्हर्टर बसवताना केलेलं. आतल्या खोलीच्या बोर्डाला तीन भोकं होती, तिसऱ्याच्या मागे काही नव्हतं. बुवांच्या ओळखीचे वायरमन आले, मेन बंद करून बोर्ड उघडला. हिरवी तार आत तुटकीच गुंडाळून ठेवलेली. पेठेतल्या जुन्या घरांत हे मी अनेकदा पाहिलंय. भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं घरच्यांना वाटत राहतं.

त्या दिवसापुरता उपाय म्हणून डेक, ॲम्प्लिफायर, लॅपटॉप तिन्ही सोप्यातल्या एकाच बोर्डावर, एकाच पट्टीवर घेतले. घरघर गेली. पुढच्या आठवड्यात वायरमननी आतल्या बोर्डाला अर्थिंग ओढलं आणि झाकणाची झिणझिणही गेली.

इथं एक गोष्ट जरा कडक शब्दांत. घरघर घालवायला चार्जरची किंवा ॲम्प्लिफायरची तिसरी पिन मोडायचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. मंडपवाले देतात, दुकानदारही देतात. बुवांनाही एकानं दिला होता. घरघर कधी कधी त्यानं खरंच जाते, म्हणून तो सल्ला टिकून आहे. पण उद्या आतली फेजची तार सुटून बॉडीला लागली, तर विजेला जमिनीत जायला उरतो तो हात लावणारा माणूस. गाण्याच्या शिकवणीला लहान मुलं येतात. पिन मोडू नका. वेळ मारून न्यायची असेल तर रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा, कॅसेटची एक बाजू तेवढ्यात सहज होते.

आता उरला कॅसेटचा स्वतःचा शूऽऽ. तो चौघांत मी धरत नाही, कारण तो जॅकचा नव्हेच. टेप डेकवरून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या संथ वेगानं सरकते, त्यात साध्या फेरिक टेपचा गोंगाट आलाच. ओळखायचा कसा, तर डेकला पॉज लावा. पॉजमध्ये थांबला तर तो टेपचा. डेकवरचं डॉल्बी बीचं, म्हणजे टेपचा शूऽऽ दाबायचं, बटण कॅसेट डॉल्बीवर भरलेली असेल तरच दाबायचं. बुवांच्या कॅसेट साध्या रेकॉर्डरवर भरलेल्या होत्या, आणि शूऽऽ कमी होतं म्हणून विद्यार्थी बटण दाबून उतरवत होता. त्यानं शूऽऽबरोबर तंबोऱ्याची जव्हारी, म्हणजे तारांचा झणकारही, जात होती. बटण बंद केलं आणि तारा उजळल्या. संगणकावर गोंगाट काढायचे प्रोग्रामही आहेत. मूळ फाइल हात न लावता ठेवायची आणि साफसफाई प्रतीवर करायची, एवढं ठरवून आम्ही ते पुढं ढकललं. बुवांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत श्वास कुठं घेतला, सूर कुठं सोडला हे शिकायचं असतं, आणि प्रोग्रामला श्वास आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही.

पहिली कॅसेट नव्यानं उतरवली तेव्हा बुवांनी मला मुद्दाम बोलावलं. बाहेर पाऊस होता, सूनबाईंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. बुवा डोळे मिटून ऐकत होते. षड्ज लागला, आलापी सुरू झाली आणि दोन-तीन मिनिटांनी एका विसाव्याच्या जागी तंबोऱ्यांच्या मागे मला काही तरी ऐकू आलं. घुर्र, मग लांब जाऊन बारीक, मग परत घुर्र. मी झटकन वर पाहिलं, पंखा बंद होता. माइकची टिक पाहिली, ती नव्हती. डेकला पॉज लावला, आवाज थांबला. टेपमधलाच होता.

बुवांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "टेबलफॅन आहे तो," ते म्हणाले. "गुरुजींच्या बैठकीच्या खोलीतला. मान फिरवताना असाच वाजायचा. मी त्याच्या शेजारी बसायचो."

मग त्यांनी हेडफोन परत नीट बसवला आणि पॉज काढायला सांगितला.